नागार्जुनाचे मस्तक

इ. स. ६४६ मध्ये ह्युएनत्संग या चिनी भिक्षूने आपल्या भारतयात्रेचा वृत्तान्त पुरा केला व तो चीनच्या सम्राटाला सादर केला. त्या ग्रंथात दक्षिण कोसल देशाचे वर्णन करताना त्याने एक कथा नमूद करून ठेवली आहे. त्या देशी पूर्वी सातवाहन नावाचा राजा राज्य करीत होता व नागार्जुन नावाचा महापंडित त्याच्या आश्रयास होता. नागार्जुन जसा तत्त्वज्ञ, तसाच औषधिविद्येत पारंगत. राजाने डोंगर कोरून विहार बांधण्यास घेतला आणि मध्येच खजिना रिता झाला, तेव्हा नागार्जुनाने मोठमोठ्या शिळांवर एक दिव्य औषध शिंपडून त्यांचे सोने केले. परंतु त्याची खरी सिद्धी याहून मोठी होती. स्वतः तयार केलेल्या रसायनाच्या सेवनाने तो कित्येक शतके जगला होता. देह थकला नव्हता, बुद्धी मंदावली नव्हती. तेच रसायन राजालाही लाभले होते.

या राजाला एक तरुण पुत्र होता. एके दिवशी त्याने आईपाशी गोष्ट काढली. ‘मातोश्री, राज्य माझ्या हाती केव्हा येणार?’ आई म्हणाली, ‘बाळ, तसा योग मला तरी दिसत नाही. तुझ्या पित्याने कित्येक शतके पाहिली. त्यांचे किती पुत्र आणि किती पौत्र म्हातारे होऊन गेले, याची गणती नाही. हा सारा नागार्जुनाच्या औषधाचा प्रभाव. तो आहे तोवर राजाला मरण नाही.’ मग तिने उपायही सुचविला. नागार्जुन बोधिसत्त्व आहे. मागेल त्याला मागेल ते द्यावयाचे, हे त्याचे व्रत आहे. तेव्हा त्याच्यापाशी त्याचे मस्तकच मागावे!

राजपुत्र विहारात गेला आणि त्याने आईने सांगितल्याप्रमाणे याचना केली. नागार्जुन रागावला नाही. आपण गेलो म्हणजे तुझा पिताही जाईल, एवढीच अडचण त्याने बोलून दाखविली. मग शस्त्र शोधण्यासाठी त्याने इकडेतिकडे पाहिले. जवळ वेताचे एक वाळलेले पान पडले होते. ते त्याने तलवारीप्रमाणे मानेवरून ओढले आणि मस्तक धडावेगळे झाले. ते दृश्य पाहून राजपुत्र भयाने पळत सुटला. द्वारपालाने राजाला घडलेली हकीकत सांगितली. राजाने ती ऐकली मात्र, शोकाने त्याचाही प्राण गेला.

अमरत्वाच्या कथा जगात सर्वत्र आहेत. कोणी अमृत मिळविण्यास निघतो आणि अखेरच्या क्षणी ते त्याच्या हातून सांडते, अशी त्यांची सामान्य रीत. या कथेची रीत निराळी आहे. येथे रसायन सिद्ध झालेले आहे, ते गुणकारी आहे, आणि ते पिणारे दोघेही सज्जन आहेत. तरीही शेवट मरणातच होतो. औषध खरे की खोटे, हा प्रश्न कथेने विचारलाच नाही. औषध खरे ठरले तर दाराशी उभ्या असलेल्या पुत्राने काय करावे, हा तिचा प्रश्न आहे.

नागार्जुन ही व्यक्ती इतिहासात होऊन गेली, यात संशय नाही. बौद्धांच्या माध्यमिक संप्रदायाचा हा आद्य आचार्य साधारणपणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात दक्षिणेत होऊन गेला, असे विद्वान मानतात. एका सातवाहन राजाला उद्देशून लिहिलेले उपदेशपर पत्र त्याच्या नावावर आहे. पैठणच्या या राजकुलाची आठवण महाराष्ट्राच्या पंचांगात शालिवाहन शकाच्या रूपाने अजूनही छापली जाते. परंतु या आचार्याच्या तत्त्वग्रंथांत पाऱ्याचा किंवा किमयेचा गंधही नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी कुमारजीवाने चिनी भाषेत आणलेल्या त्याच्या चरित्रात एवढे आहे की, तरुणपणी अदृश्य होण्याची विद्या शिकून तो मित्रांसह राजवाड्यात शिरला, मित्र मारले गेले, हा वाचला आणि विरक्त झाला. पुढे बाराव्या शतकात डल्हण हा टीकाकार सुश्रुतसंहितेचा संस्कर्ता म्हणून नागार्जुनाचे नाव घेतो. ‘रसेन्द्रमंगल’ हा रसविद्येचा ग्रंथही नागार्जुनाच्याच नावावर आहे. आणि अल्बेरूनी इ. स. १०३० च्या सुमारास लिहितो की, सोमनाथाजवळच्या दैहक किल्ल्याचा रहिवासी नागार्जुन हा या विद्येतील श्रेष्ठ पुरुष आपल्यापूर्वी सुमारे १०० वर्षे होऊन गेला.

दुसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ आणि दहाव्या शतकातील किमयागार हे एकच असणे शक्य नाही. आजचा इतिहासकार म्हणेल, एका नावाचे अनेक पुरुष झाले. परंपरेने हाच पेच दुसऱ्या रीतीने सोडविला. पुरुष एकच, पण तो शेकडो वर्षे जगला, असे तिने सांगितले. तिबेटी परंपरेने त्याला ६०० वर्षांचे आयुष्य दिले. ह्युएनत्संगाच्या चरित्रात तर असे लिहिले आहे की, पंजाबातील टक्क देशात एका आमराईत त्याला नागार्जुनाचा प्रत्यक्ष शिष्य भेटला. त्याचे वय ७०० वर्षे, दिसावयास मात्र तो तिशीचा. आणि ह्युएनत्संगाने त्याच्यापाशी राहून एक महिना अध्ययन केले. गुरुशिष्यपरंपरेतील तुटलेले दुवे लोकांनी माणसांच्या आयुष्याला ताण देऊन जोडले. रसायनाची कीर्ती वाढण्यास याही गोष्टीचा हातभार लागला असला पाहिजे.

हीच कथा अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मिरात सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त सांगितली तेव्हा तिला आणखी खोली आली. येथे राजाचे नाव चिरायु आणि नागार्जुन हा त्याचा मंत्री. दोघेही रसायनाच्या बळावर जरामुक्त झालेले आहेत. नागार्जुनाचा एक लाडका मुलगा बाळपणीच वारतो. त्या दुःखाने तो निश्चय करतो की, आता केवळ दोघांपुरते रसायन नको. सर्व मर्त्यांसाठी अमृत सिद्ध करावयाचे. एक वनस्पती तेवढी मिळवावयाची उरते, तोच इंद्राचा निरोप घेऊन अश्विनीकुमार येतात. माणसे मरेनाशी झाली तर देव आणि मानव यांत भेद काय राहिला? यज्ञ कोण करील? सृष्टीचा क्रम कसा चालेल? ज्याच्यासाठी शोक करतोस तो तुझा पुत्र तर स्वर्गात सुखी आहे. नागार्जुन विचार करतो व हातचे अमृत जमिनीत पुरून टाकतो.

पुढची कथा आपल्या ओळखीची. राजा आपल्या जीवहर नावाच्या पुत्राला युवराज करतो. पुत्र हर्षाने आईकडे जातो तेव्हा राणी धनपरा त्याला म्हणते की, आनंद कसला मानतोस? तुझ्यापूर्वी किती युवराज झाले. राजा मात्र एकही झाला नाही. राजाचे वय ८०० वर्षांचे आहे. पुत्र नागार्जुनाचे मस्तक मागतो. परंतु रसायनाने कठीण झालेल्या मानेवर एकामागून एक तलवारी मोडतात. अखेर नागार्जुन स्वतःच एक चूर्ण देतो, ते पात्याला लावले जाते आणि घाव बसतो. राजा राज्य सोडून वनात जातो. जीवहर सिंहासनावर बसतो खरा, पण नागार्जुनाचे पुत्र पित्याचा सूड घेऊन त्याला ठार करतात. त्याची आई शोकाने मरते. राज्य मिळते ते त्याच्या सावत्र भावाला, आणि त्याचे नाव आहे शतायु. वडिलांच्या ८०० वर्षांपुढे मुलाच्या नावात फक्त शंभर! मनुष्याच्या आयुष्याचे जुने माप वेदकाळापासून शंभर वर्षांचेच मानले गेले आहे, आणि कथा अखेर त्याच मापावर येऊन थांबते.

येथे कोणास वाटेल की, ज्या विद्येबद्दल लोकांनी अशा कथा रचल्या ती केवळ भोंदूंची विद्या असावी. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पारा हा पदार्थच बुद्धीला भुरळ घालणारा आहे. तो धातू असून वाहतो; सांडला तर त्याचे शेकडो मणी होतात आणि जवळ आणताच ते पुन्हा एक होतात. तो सोने गिळतो आणि तापविला म्हणजे सोने मागे ठेवून निघून जातो. गंधकाबरोबर खलात घोटला की त्याची काळी कज्जली होते. ती कुपीत घालून वालुकायंत्रात तापविली की कुपीच्या गळ्याशी तांबडा रससिंदूर जमतो. आणि त्या तांबड्या पदार्थातून योग्य क्रियेने तोच चकाकता पारा परत मिळविता येतो. रसवैद्यांच्या भाषेत पारा मूर्च्छित होतो, मरतो आणि पुन्हा उठतो. जो मरून उठतो तो इतरांना मरणातून का उठविणार नाही? सोन्याला गंज चढत नाही. हीन धातूला जे औषध निर्विकार करील, तेच देहालाही निर्विकार करील. या तर्कात साम्यालाच प्रमाण मानण्याची चूक होती. परंतु ती चूक विचार करणाऱ्या माणसांची होती.

या विद्येला तात्त्विक अधिष्ठानही होते. मोक्ष ज्ञानावाचून नाही, ज्ञान दीर्घ अभ्यासावाचून नाही आणि अभ्यासाला तर हा क्षणभंगुर देह पुरत नाही; म्हणून आधी देह स्थिर करावा, असा या संप्रदायाचा युक्तिवाद होता. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’त रसेश्वरदर्शनाला स्वतंत्र स्थान दिले, ते याच कारणाने. पाऱ्यावर करावयाचे १८ संस्कार सांगितलेले आहेत. त्यांचा आरंभ स्वेदन व मर्दन यांनी होतो आणि शेवटचे दोन वेध व सेवन हे आहेत. सिद्ध पाऱ्याने आधी धातूला वेध करावयाचा आणि तेथे प्रत्यय आला तरच तो देहात घ्यावयाचा. प्रयोगाआधी परीक्षा असावी, हे या माणसांना ठाऊक होते. त्यांना एवढेच कळले नाही की, धातूची परीक्षा देहाच्या कामाची नव्हे. पाऱ्याची वाफ हुंगणाऱ्याच्या हातांना कंप सुटतो, हिरड्या सुजतात, मूत्रपिंडे निकामी होतात. दीर्घायुष्याच्या शोधात कित्येकांनी आपले होते तेही आयुष्य भट्टीपुढे तोडून टाकले असेल.

अल्बेरूनी स्वतः गणिती व शास्त्रज्ञ होता. या विद्येचे जाणकार ती परक्यांपासून लपवून ठेवतात, असे तो लिहितो. आणि लपविलेल्या विद्येबद्दल जसा विवेकी पुरुषाला संशय यावा तसा तो त्याला आलेला दिसतो. परंतु त्याचा खरा संताप किमयागारांवर नसून राजांवर आहे. सोन्याच्या हव्यासाने हे राजे इतके आंधळे झाले आहेत की, यासाठी कोवळी मुले अग्नीत टाकावी लागतील असे कोणी सांगितले तर तेही करावयास ते मागेपुढे पाहणार नाहीत, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. ही विद्या जगाच्या अशा टोकाला हाकलून द्यावी की, ती कोणाच्याही हाती लागू नये, असे त्याला वाटते. कोसलच्या कथेत पुत्र पौत्र म्हातारे होऊन मरतात आणि पिता टिकून राहतो. अल्बेरूनीच्या तक्रारीत पित्याच्या लोभापायी लेकरे आगीत पडतात. दोहोंत किंमत मोजणारी पिढी एकच आहे, ती म्हणजे पुढची.

या शोधातून काहीच निष्पन्न झाले नाही, असे मात्र नाही. ‘रसरत्नसमुच्चय’ या तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमाराच्या ग्रंथात जस्त काढण्याची कृती दिली आहे. जस्ताची खनिजे कोळशासारख्या द्रव्यांसह तापविली असता धातू मोकळा होण्यास १००० अंशांहून अधिक उष्णता लागते. पण जस्त ९०७ अंशांनाच उकळते. त्यामुळे ते वाफ होऊन निसटते व हवेत जळून त्याची पांढरी राख होते. यास्तव मिश्रण वांग्याच्या आकाराच्या बंद मुशीत भरावे, मुशीची नळी खाली वळवावी आणि वाफ खालच्या पात्रात थिजवावी, ही युक्ती आवश्यक ठरते. मेवाडात उदेपूरजवळ जावर येथे १९८३ मध्ये झालेल्या उत्खननात अशा भट्ट्या जशाच्या तशा सापडल्या. एकेका भट्टीत ३६ मुशी उलट्या बसविलेल्या होत्या. युरोपात जस्त काढण्याची अशी कृती विल्यम चॅम्पियन याने ब्रिस्टल येथे सिद्ध केली ती १७३८ च्या सुमारास. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ व १९०९ मध्ये हिंदी रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड प्रसिद्ध केले, तेव्हा या जुन्या पोथ्यांतील यंत्रांकडे सुशिक्षितांचे लक्ष प्रथमच गेले. अमृत मिळाले नाही. मूस, कुपी, खल आणि भट्टी मात्र पुढच्या पिढ्यांच्या हाती आली.

आता ज्या सम्राटाला ह्युएनत्संगाने आपला ग्रंथ सादर केला, त्याच्याकडे वळले पाहिजे. त्याचे नाव ताइत्सुंग. राज्यासाठी ताटकळणे म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगावयास नको होते. इ. स. ६२६ मध्ये त्याने राजवाड्याच्या दारातच आपल्या थोरल्या व धाकट्या भावांचा वध करविला, आणि त्याच वर्षी त्याच्या पित्याने सिंहासन सोडले. पुढे ६४३ मध्ये त्याच्याच युवराजाने त्याच्याविरुद्ध कट केला व तो पदच्युत झाला. राज्याच्या आरंभी या सम्राटाने अमरत्वाच्या मागे लागलेल्या जुन्या सम्राटांचा उपहास केला होता. परंतु आता त्याची पन्नाशी जवळ आली होती आणि प्रकृती खालावली होती.

हर्षवर्धनाच्या मृत्यूनंतर उत्तर हिंदुस्थानात जी बेबंदी माजली, तीत वांग ह्युएनत्से या चिनी वकिलावर हल्ला झाला. त्याने नेपाळ व तिबेट येथील सैन्य आणून सूड घेतला आणि ६४८ मध्ये बंदिवानांसह तो राजधानी चांग-आन येथे परतला. त्या बंदिवानांत नारायणस्वामी नावाचा एक वैद्य होता. आपले वय २०० वर्षे आहे आणि आपल्यापाशी दीर्घायुष्याचे औषध आहे, असे तो सांगे. सम्राटाने त्याला मानाने ठेवून घेतले, युद्धमंत्र्याला त्याच्या कामावर देखरेख करावयास सांगितले, आणि दुर्मिळ वनस्पती व विचित्र दगड गोळा करण्यासाठी चोहीकडे माणसे धाडली. औषध तयार झाले, सम्राटाने घेतले आणि त्याचा गुण आला नाही. ६४९ मध्ये ताइत्सुंग मरण पावला.

त्याचा पुत्र काओत्सुंग गादीवर आला. ६५७ मध्ये वांगने त्याच वैद्याची पुन्हा शिफारस केली, तेव्हा काओत्सुंग २९ वर्षांचा होता. अमर पुरुष खरोखरच असतील तर ते आज कोठे आहेत, असे विचारून त्याने ती फेटाळली. एका वृद्ध सेनापतीने पुस्ती जोडली की, हा ब्राह्मण मागच्या खेपेपेक्षा यंदा थकलेला दिसतो, त्याचे केसही पांढरे झाले आहेत. हा दुसऱ्याला काय आयुष्य देणार? त्या दोनशे वर्षांच्या वैद्याला पुन्हा मायदेश दिसला नाही. चांग-आनमध्येच तो वारला.

परंतु आणखी ११ वर्षे लोटली. काओत्सुंग चाळिशीला आला, आजारांनी त्याला गाठले आणि ६६८ मध्ये त्याने लोकादित्य नावाच्या दुसऱ्या भारतीय ब्राह्मणाकडून औषध करविले. तेव्हा हाओ चूचून नावाचा मंत्री पुढे झाला आणि त्याने सम्राटाला पित्याच्या शेवटच्या दुखण्याची आठवण करून दिली. नारायणस्वामीचे औषध घेतल्यावर अंतकाळी नामांकित वैद्यांनाही काय करावे ते सुचले नव्हते; नारायणस्वामीला देहदंड द्यावा असे दरबारात अनेकांना वाटले, पण परदेशी हसतील म्हणून ते तसेच सोडून द्यावे लागले. काओत्सुंगाने ऐकले. लोकादित्याला त्याने सेनापतीचा किताब देऊन गौरविले, आणि औषध मात्र घेतले नाही.

तरुणपणी ज्याची थट्टा केली त्याच औषधाकडे बाप आणि लेक दोघेही ढळत्या प्रकृतीत वळले. मनुष्यस्वभावच असा आहे. राज्याची वाट पाहत असता ज्याला पित्याचे आयुष्य लांब वाटते, त्यालाच गादीवर बसल्यावर स्वतःचे आयुष्य अपुरे वाटू लागते. नागार्जुनाची कथा सांगणाऱ्यांनी हा स्वभाव पुरता ओळखला होता. त्यांनी राजपुत्राला निर्दोष ठरविले नाही. तो भिऊन पळतो, काश्मिरात तर तो मारला जातो. राजालाही त्यांनी दुष्ट म्हटले नाही. मात्र औषध ज्याच्या हातात होते, त्याच्याच हातात त्यांनी वेताचे वाळलेले पान दिले. आठशे वर्षांत राजाला जे सोडवले नाही, ते नागार्जुनाने एका मागण्यासरशी सोडले, आणि दाराशी उभ्या असलेल्या तरुणाला वाट मोकळी करून दिली.